युद्धकाळातली मुलांची कादंबरी कशी लिहावी: धाडस आणि मैत्री खरी वाटावी म्हणून

युद्धाच्या काळावर मुलांसाठी लिहायला बसलं की आधी रणगाडे, विमानं आणि सैनिक डोळ्यांसमोर येतात. मग त्यांच्यासमोर अकरा वर्षांचं एखादं मूल उभं करावं लागतं आणि गोष्ट तिथेच खोटी व्हायला लागते. ते मूल शत्रूच्या छावणीतून गुप्त चिठ्ठी पळवतं, सेनापतीला चकवतं, पूल उडवायला मदत करतं. वाचणाऱ्या मुलाला गंमत वाटते, पण आपण तिथे असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न त्याला पडत नाही. पुस्तक मिटल्यावरही तो प्रश्न सोबत राहावा असं वाटत असेल तर लढाया बाजूला ठेवायच्या आणि त्या काळाचे नियम शोधायचे. कुणाला किती पाव मिळत होता? अंधार पडल्यावर बाहेर कोण जाऊ शकत होतं? कोणता कागद जवळ नसला की माणूस अडकत होता? मुलांचं धाडस आणि मुलांची मैत्री या नियमांच्या फटींत सापडते.

ही पद्धत समजावण्यासाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. १९४१-४२ च्या हिवाळ्यातलं, जर्मन सैन्याचा वेढा पडलेलं सोव्हिएत रशियातलं लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. एकाच जिन्यावर राहणारी दोन मुलं, लीदा आणि मीत्या. ही दोघं कल्पनेतली आहेत. त्यांच्या भोवतीचं शहर मात्र खरं आहे.

पहिली पायरी: काळ आणि जागा अरुंद करा

‘दुसऱ्या महायुद्धावर कादंबरी’ हा विषय होत नाही, ते ग्रंथालयातलं एक अख्खं कपाट होतं. लेनिनग्राडचा वेढा ८ सप्टेंबर १९४१ ला सुरू झाला आणि २७ जानेवारी १९४४ ला पूर्ण उठला. एवढे ८७२ दिवस मुलांच्या एका पुस्तकात मावत नाहीत, मावायची गरजही नाही. मी त्यातले साधारण दोन महिने घेईन, नोव्हेंबर १९४१ चा शेवट ते जानेवारी १९४२ चा शेवट. जागा म्हणजे एक इमारत, तिचं अंगण, पावाच्या दुकानापर्यंतचा रस्ता आणि नदीवरचा बर्फ फोडून केलेला खड्डा. बास.

तुमचा विषय वेगळा असेल. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनच्या शहरांतून मुलांना गावाकडे पाठवलं गेलं, गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खोक्यात गॅसमास्क घेऊन ती आगगाडीत चढली. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात नाझी राजवटीखालच्या प्रदेशांतून सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, आईवडिलांशिवाय ब्रिटनला पोचली. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कमधले सात हजारांवर ज्यू लोक, बरेचसे मासेमारीच्या होड्यांतून, सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला गेले. यातला कोणताही विषय घेतलात तरी पहिलं काम हेच: एक प्रवास, एक घर किंवा एक आठवडा निवडा. जागा अरुंद झाली की अभ्यास खोल जातो आणि पात्रांना एकमेकांपासून पळायला वाट उरत नाही.

दुसरी पायरी: नियमांची वही करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. एक वही घ्या आणि तुमच्या निवडलेल्या काळात सामान्य माणसाचं जगणं कोणत्या नियमांनी बांधलेलं होतं ते लिहून काढा. लढायांचे नकाशे नंतर लागले तर बघू.

लेनिनग्राडसाठी माझ्या वहीत पहिलं पान रेशनचं असेल. २० नोव्हेंबर १९४१ पासून कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि बाकी सगळ्यांना १२५ ग्रॅम. त्या पावातही पिठात सरकीची पेंड, लाकडातलं सेल्युलोज अशी भर. २५ डिसेंबरला कामगारेतरांचं रेशन १२५ वरून २०० ग्रॅमवर गेलं. कार्ड महिन्याचं असे. ते हरवलं किंवा चोरीला गेलं तर दुसरं मिळणं जवळजवळ अशक्य. आणि एक तपशील असा की तो वाचताच कादंबरीकारानं थांबावं: बारा वर्षांखालच्या मुलांचं कार्ड वेगळं होतं. पाव इतरांइतकाच, पण साखर आणि स्निग्ध पदार्थ घरात बसलेल्या ‘अवलंबित’ मोठ्यांपेक्षा जास्त. मूल बारा वर्षांचं झालं की ते अवलंबितांत जाई.

म्हणजे या शहरात बारावा वाढदिवस ही वाईट बातमी होती. हे एक वाक्य कळायला किती तास वाचावं लागेल सांगता येत नाही, पण ते सापडलं की एक अख्खं प्रकरण हातात आलं म्हणून समजा.

दुसरं पान आवाजांचं. रस्त्यांवर आणि घराघरांत तारेनं जोडलेले लाऊडस्पीकर होते. कार्यक्रम नसेल तेव्हा त्यांतून मेट्रोनोमची, म्हणजे संगीतात ताल मोजायला वापरतात त्या यंत्राची, टिकटिक चालू असे. संथ असेल तर धोका नाही, जलद झाली तर हवाई हल्ला. तिसरं पान पाण्याचं आणि उबेचं. नळ गोठलेले, त्यामुळे मुलांच्या घसरगाडीवर बादल्या ठेवून नेवा नदीतून पाणी आणायचं. ते जिन्यावर सांडायचं, गोठायचं आणि पायऱ्यांवर बर्फ चढत जायचा. घरात पत्र्याची छोटी शेगडी, तिच्यात आधी फर्निचर आणि मग पुस्तकं. भुकेपोटी लोक सुतारकामाचा सरस उकळून त्याची जेली करत, चामड्याचे पट्टे शिजवत. चौथं पान उजेडाचं. डिसेंबरच्या शेवटी तिथे दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो. लीदा पावाच्या रांगेत उभी राहील तेव्हा अंधारच असेल आणि खिडक्या झाकलेल्या, त्यामुळे रस्त्यावर दिवा नाही. हे माहीत नसलेला लेखक तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात रांगेत उभी करतो.

तिसरी पायरी: नियमातून पेच काढा

आता वहीतला एकेक नियम घेऊन विचारायचं: हा नियम दोन मित्रांच्या मध्ये कुठे येतो?

लीदाची आई कारखान्यात आहे, म्हणून तिला २५० ग्रॅम. मीत्याच्या घरी तो आणि आजी, दोघांना मिळून तेवढाच पाव. एकाच जिन्यावर, एका मजल्याच्या अंतरानं, ही तफावत रोज दिसते. दोघांचीही चूक नाही. कुणी खलनायक नाही. तरीही एकाचा दुसऱ्यावर राग धुमसू शकतो आणि तो राग लिहिण्याजोगा आहे.

याहून कठीण पेच कार्डातच आहे. घरातलं माणूस गेलं की त्याचं कार्ड परत करणं बंधनकारक होतं. अनेक कुटुंबांनी महिनाअखेरपर्यंत मृत्यू लपवला, कारण त्या कार्डावर उरलेल्या दिवसांचा पाव मिळत होता. समजा मीत्याची आजी १० डिसेंबरला जाते. मीत्या फक्त लीदाला सांगतो. महिना संपायला तीन आठवडे आहेत. लीदानं गप्प राहायचं का? इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी विचारलं तर काय सांगायचं? आणि आज मीत्याच्या दारामागे काय आहे हे माहीत असताना त्याच्या शेजारी बसून अभ्यास कसा करायचा?

गोळी नाही, रणगाडा नाही, पण बारा वर्षांची वाचक इथे श्वास रोखते. तिला कळतं की हा निर्णय तिच्यावरही येऊ शकला असता.

पेच नीट बसला आहे का हे बघण्याची एक सोपी कसोटी आहे. तोच प्रसंग दुसऱ्या युद्धात, दुसऱ्या शहरात जसाच्या तसा उचलून ठेवता येत असेल तर तो अजून कच्चा आहे. वर सांगितलेला पेच लंडनच्या बॉम्बवर्षावात ठेवता येणार नाही. तिथले नियम वेगळे, म्हणून तिथली मुलंही वेगळ्या गोष्टींवर अडतील.

चौथी पायरी: मैत्री युद्धाच्या आधीची असू द्या

संकटात दोन अनोळखी मुलं भेटतात आणि तिसऱ्या पानावर जिवलग होतात, हे मला कधीच पटत नाही. मैत्रीला एक साधं, बिनमहत्त्वाचं कारण द्या. लीदा आणि मीत्या दोघंही काड्यापेटीवरची चित्रं जमवतात, किंवा दोघांनाही बुद्धिबळात हरणं सहन होत नाही. वेढ्यापूर्वीच्या उन्हाळ्यातलं एक भांडण अजून मिटलेलं नाही. युद्ध आलं म्हणून ते भांडण विसरलं जात नाही, उलट डिसेंबरमधल्या थंडीत ते भलत्याच वेळी वर येतं.

मैत्रीत तुटायची जागाही हवी. मीत्यानं एकदा लीदाच्या पावातला तुकडा खाल्ला, हे लिहायला घाबरू नका. भुकेलं मूल असं करतं. प्रश्न त्यानंतरचा आहे: लीदाला कळल्यावर ती काय करते, आणि मीत्या दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर येतो की नाही. चांगला मित्र आणि वाईट मित्र अशी वाटणी केलीत तर हे प्रकरण लिहिताच येणार नाही.

पाचवी पायरी: धाडसाचं माप मुलाएवढं ठेवा

मुलाच्या हातात जेवढी सत्ता आहे तेवढंच धाडस. बर्फाळ जिन्यावरून शेजारणीसाठी पाण्याची किटली वर नेणं. रांगेतली जागा सोडून पडलेल्या माणसाजवळ जाणं, आपला नंबर जाणार हे माहीत असूनही. गप्प राहणं. कधी कधी बोलणं.

धाडसाची किंमत पानावर दिसली पाहिजे आणि ती मुलाला आधी माहीत असली पाहिजे. कळत नव्हतं म्हणून केलं, ते धाडस होत नाही. लीदाला १२५ ग्रॅम म्हणजे किती हे हाताला ठाऊक आहे, त्यामुळे तिनं त्यातला तुकडा दिला तर वाचकालाही वजन कळतं. आणि भीती काढून टाकू नका. ती पोटात, गुडघ्यांत, चुकीच्या वेळी येणाऱ्या हसण्यात राहू द्या.

मोठी माणसं वाटेतून बाजूला करणं ही या प्रकारच्या लेखनातली जुनी अडचण. तिचं उत्तर इतिहासानंच द्यावं. लीदाची आई दिवसभर कारखान्यात असते. ट्राम ८ डिसेंबर १९४१ पासून बंद पडल्या, म्हणजे ती आता पायी जाते-येते आणि काही रात्री कारखान्यातच झोपते. आईला आजारी पाडायची किंवा मूर्ख दाखवायची गरजच राहिली नाही.

सहावी पायरी: तारखांचा तक्ता आणि दंतकथांची चाळणी

कच्चा आराखडा झाला की एक लांब कागद घ्या. वरच्या ओळीत शहराच्या तारखा, खालच्या ओळीत तुमच्या पात्रांच्या. माझ्या कागदावर २० नोव्हेंबरला सर्वांत कमी रेशन, २२ नोव्हेंबरला शहरासाठी अन्न आणायला लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावरून ट्रकचा पहिला ताफा, २५ डिसेंबरला पावात वाढ. आजीच्या कार्डावरचा पाव २५ तारखेपासून वाढतो, हे तक्ता केला नसता तर निसटलं असतं. गुपित ठेवण्याचा मोह त्या दिवशी आणखी वाढणार! जानेवारी १९४२ मध्ये विजेअभावी शहराच्या काही भागांत रेडिओ गप्प झाला होता. तेव्हा मेट्रोनोमवर बेतलेला प्रसंग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्यायचा आणि जानेवारीत त्या आवाजाचं नसणं वापरायचं.

तक्त्यामुळे काळाची सरमिसळही पकडता येते. ‘तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची’ अशी नेव्हस्की मार्ग या शहरातल्या मुख्य रस्त्यावरची पाटी प्रसिद्ध आहे. ती दिसली की वापरायचा मोह होतो. पण अशा पाट्या १९४३ मध्ये रंगवल्या गेल्या. १९४१ च्या डिसेंबरमध्ये लीदा ती वाचू शकत नाही.

दंतकथांबाबत कडक राहा. डेन्मार्कचा राजा दहावा क्रिस्तियान ज्यू प्रजेच्या पाठिंब्यासाठी, नाझी ज्यूंना ओळखखूण म्हणून लावायला लावत तो पिवळा तारा लावून फिरला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ते घडलेलं नाही. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर तो तारा लावायची सक्तीच झाली नव्हती. आणि खरी हकिकत कमी सुंदर आहे का? जर्मन दूतावासातल्या गेओर्ग डुकविट्झ या अधिकाऱ्यानं धरपकडीची बातमी आधीच फोडली, कोपनहेगनमध्ये ज्यू धर्मगुरू (रब्बी) मार्कुस मेल्किओर यांनी प्रार्थनेला जमलेल्या लोकांना सावध केलं, आणि नंतर कितीतरी साध्या माणसांनी आपली दारं उघडली. दंतकथेत एक राजा धाडसी ठरतो. खऱ्या हकिकतीत शेजारी धाडसी ठरतात, आणि मुलांच्या कादंबरीला शेजारीच हवे असतात.

त्या काळातल्या मुलांनी स्वतः लिहिलेलं जे मिळेल ते वाचा. लेनिनग्राडच्या तान्या साविचेवानं वहीच्या नऊ पानांवर घरातल्या माणसांचे मृत्यू नोंदले, बहुतेक नावं, तारीख आणि वेळ एवढंच. शेवटी आपण एकटीच उरलो असं लिहिलं. तिचा जन्म १९३० चा. शहराबाहेर नेल्यानंतर १९४४ मध्ये तीही गेली. त्या नोंदींत एकही विशेषण लागलेलं नाही. लिहिताना ते ध्यानात ठेवावं. मात्र तिची वाक्यं उचलून तुमच्या पात्राच्या तोंडी घालू नका. खऱ्या मुलीचं दुःख तिच्याच नावावर राहू द्यावं.

सातवी पायरी: प्रसंग जवळून लिहा

पहिल्या खर्ड्यात बहुतेकांच्या हातून असं काहीतरी उतरतं:

‘सगळीकडे मृत्यूचं थैमान सुरू होतं. भूक असह्य झाली होती. पण लीदाचं धैर्य खचलं नाही. तिनं आपला घास मित्रासाठी राखून ठेवला.’

यात चूक काही नाही, पण दिसतही काही नाही. आता वही उघडा. पावाचं वजन भरायला मोठ्या तुकड्यावर एक छोटा तुकडा ठेवत आणि पाव आणायला गेलेलं मूल तो बऱ्याचदा वाटेतच खाऊन टाके. तेवढ्यावर प्रसंग उभा राहतो:

‘तराजूचा काटा थांबेपर्यंत लीदानं श्वास घेतला नाही. बाईंनी मोठ्या तुकड्यावर अंगठ्याएवढा तुकडा ठेवला. काटा हलला, थांबला. छोटा तुकडा वाटेत खा, असं आई कधी म्हणाली नव्हती. पण त्याबद्दल ती कधी विचारतही नसे. आज लीदानं तो हातमोज्यात ठेवला. चौथ्या मजल्यापर्यंत तो तिथेच राहायला हवा होता. पहिल्या मजल्यावर तिनं हातमोजा हुंगला. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.’

‘धैर्य’ हा शब्द गेला आणि ती चौथ्या मजल्यावर पोचेल का, ही काळजी वाचकाची झाली. प्रत्येक प्रकरणात असा एक तरी प्रसंग हवा, जिथे एखादी वस्तू हातात आहे आणि तिचं काय करायचं हे ठरायचं आहे. बाकीचं भराभर सांगितलं तरी चालतं.

माहितीचे ढीग टाकू नका. मेट्रोनोमचा अर्थ समजावणारा परिच्छेद लिहिण्यापेक्षा टिकटिक जलद होताच मीत्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि उठताना आजीची शाल घेतली, एवढं लिहा. मुलं हुशार असतात, अर्थ लावतात.

आठवी पायरी: किती दाखवायचं

सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी वरचा कार्डाचा पेच मी घेणार नाही. त्यांना घसरगाडी, पाणी आणि जिना पुरतो. नऊ-दहाच्या पुढे मृत्यू येऊ शकतो, पण तो मुलाच्या नजरेच्या उंचीवरून: बंद दार, न वाजणारी काठी, नीट घडी करून ठेवलेली शाल. बारा-तेराच्या वाचकाला मीत्याचं गुपित पेलतं. कोणत्याही वयात जखमांचं वर्णन रंगवून करू नका आणि ‘आजी लांब गेली’ असं खोटंही सांगू नका. भयंकर प्रसंगानंतर लगेच एक साधं काम द्या: शेगडी पेटवणं, बूट वाळवणं. पात्रालाही उसंत मिळते आणि वाचकालाही.

शत्रूच्या बाजूबद्दल एवढंच: अन्याय कुणी केला ते धूसर करू नका. हा वेढा ठरवून घातलेला होता आणि भूक हे त्यातलं हत्यार होतं. पण एखाद्या देशाचं प्रत्येक माणूस राक्षस असतं असंही पुस्तकातून शिकवलं जाऊ नये.

संवाद आजच्या बोली मराठीत असू द्या. परदेशी शब्दांची पेरणी केल्यानं वातावरण तयार होत नाही, वाचन अडखळतं. मुलं एकमेकांना ‘तू’ म्हणतील, इमारतीतल्या बाईंना ‘तुम्ही’. फक्त आजच्या कल्पना त्यांच्या तोंडी नकोत. लीदाला वेढा ८७२ दिवस चालणार आहे हे माहीत नाही. तिला उद्याचंही माहीत नाही.

नववी पायरी: शेवट आणि टिपण

गोष्ट विजयापर्यंत ओढत नेऊ नका. लीदा-मीत्याची गोष्ट जानेवारीच्या शेवटी थांबली तरी चालेल, वेढा अजून उठलेला नसताना. त्यांच्यातला प्रश्न सुटला किंवा कायमचा बदलला की कादंबरी पूर्ण झाली. सगळ्यांना जिवंत ठेवायचा मोह होईल. त्या शहरात लाखो नागरिक मेले. एका जिन्यावरचे सगळे वाचले असं लिहिलंत तर मुलांनाही ते खरं वाटणार नाही.

पुस्तकाच्या शेवटी दीड-दोन पानांचं टिपण जरूर जोडा. कोणती माणसं कल्पनेतली, कोणते नियम आणि तारखा खऱ्या, आणि कुठे गोष्टीसाठी थोडी सोय करून घेतली, ते सरळ सांगा. मुलं हे पान फार लक्ष देऊन वाचतात आणि त्यावरून पुढे प्रश्न विचारतात.

हस्तलिखित छापायला देण्याआधी त्या वयाच्या तीन-चार मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. आवडलं का, असं विचारू नका, सगळी हो म्हणतील. लीदाच्या जागी तू असतास तर बाईंना काय सांगितलं असतंस, हे विचारा. मुलं आपसात वाद घालू लागली तर तो पेच तसाच ठेवा. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर नियमांची वही पुन्हा उघडा आणि तिसऱ्या पायरीपासून कामाला लागा.